गोव्यात घटस्फोट घेताना मुलाचा ताबा : अर्जाआधीची तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वकिलाकडे जाताना बहुतेक जण जोडीदाराच्या चुकांची वही घेऊन जातात. लग्नात कोणी काय मागितलं, कुठल्या तारखेला कोण काय बोललं, मोबाइलवर कुणाचे मेसेज सापडले. मुलाचा विषय निघाला की मात्र एकच वाक्य येतं : "पोर माझ्याकडेच राहणार." मग अर्जही तसाच तयार होतो. वीस पानं भांडणाची, अर्धं पान मुलाचं. न्यायाधीशांना वाचायचं असतं ते मुलाबद्दल, आणि तिथे काहीच नसतं.

दुसरी चूक खास आपल्याकडची. मराठी वाचणारा माणूस माहिती शोधतो ती मराठीत, आणि मराठीतली बहुतेक माहिती पुण्या-मुंबईची असते. हिंदू विवाह कायद्यातलं परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब, सहा महिन्यांची मुदत, फॅमिली कोर्टाचे समुपदेशक. हे सगळं पाठ करून लोक म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या कोर्टात येतात आणि पहिल्याच तारखेला गोंधळतात. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही. इथला रस्ता वेगळा आहे, म्हणून तयारीही वेगळी करावी लागते.

कायदेविषयक मदतीच्या कामात असे अर्ज पुन्हा पुन्हा वाचनात आले. त्यात जे चुकताना दिसलं, तेच खाली क्रमाने लिहिलं आहे.

सगळ्यात आधी : घरात मारहाण होत असेल तर

मग हा लेख नंतर वाचा. आधी सुरक्षित जागी जा, मुलाला बरोबर घ्या. ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट पीडित स्त्रीकडे मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. समोरच्याच्या भेटीमुळे मुलाला धोका आहे असं वाटलं तर ती भेटही नाकारू शकतात. त्यासाठी घटस्फोटाचा दावा आधी दाखल झालेला असावा लागत नाही.

अंगावर वळ असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि केसपेपर जपून ठेवा. आठवड्याने दाखवलेल्या वळाला कागदावर फारसं वजन राहत नाही.

१. आपलं लग्न कुठे नोंदलंय ते पाहा

कपाटातून लग्नाचा दाखला काढा. गोव्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, त्यानंतर दुसरी सही, आणि मग मिळालेला दाखला असा क्रम असेल, तर घटस्फोट इथल्या जुन्या पोर्तुगीज कायद्यानुसार चालतो. तो कायदा १९१० चा आहे. गोवा मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने तो पुढे चालू राहिला आणि हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना तोच लागू आहे.

लग्न सावंतवाडीला किंवा बेळगावला झालं आणि नोंदही तिकडचीच असेल, तर गोष्ट बदलते. पेडणे, डिचोली, सत्तरीत अशी घरं पुष्कळ आहेत. नवरा इथला, बायकोचं माहेर दोडामार्गला. अशा वेळी पहिल्या भेटीतच वकिलाला नोंदीचं ठिकाण सांगा. हे उशिरा कळलं तर अर्ज परत घेऊन पुन्हा दाखल करावा लागू शकतो, आणि तेवढे महिने मूल अधांतरी राहतं.

आणखी एक अडचण नेहमी दिसते. पहिली सही झाली, देवळात लग्न लागलं, मूलही झालं, पण दुसरी सही राहूनच गेली. लोकांना वाटतं आता आपल्याला काहीच मागता येणार नाही. घटस्फोटाच्या बाबतीत हा प्रश्न खरंच गुंतागुंतीचा होतो, पण मुलाचा खर्च त्यामुळे अडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं कलम १२५) मूल आईबापाकडून पोटगी मागू शकतं. आईबापाचं लग्न कायदेशीर होतं की नव्हतं, यावर मुलाची पोटगी अवलंबून नाही.

तपासा : लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड या तिन्हींवर नावं सारखी आहेत का? आडनावात किंवा स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करायला घ्या.

२. चार गोष्टी वेगवेगळ्या धरा

"कस्टडी मिळाली" असं आपण सरसकट म्हणतो. कोर्टात मात्र हे चार वेगळे प्रश्न असतात.

ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे राहणार, कुणाच्या घरी झोपणार. पालकत्व म्हणजे शाळा, ऑपरेशन, पासपोर्ट, मुलाच्या नावावरची जमीन यांबद्दलचे मोठे निर्णय कोण घेणार. ताबा एकाकडे आणि असे निर्णय दोघांकडे, अशी व्यवस्था होऊ शकते. भेटीचा हक्क म्हणजे दुसऱ्या पालकाने मुलाला कधी, कुठे, किती वेळ भेटायचं. चौथी गोष्ट खर्चाची.

या चारही गोष्टींवर अर्जात वेगळी मागणी लिहा. फक्त ताबा मागून थांबलात तर भेट आणि खर्च यांवरून पुढची दोन वर्षं भांडत बसाल.

थांबा : "बायको नोकरी करत नाही, म्हणून मूल मला मिळेल" किंवा "मी आई आहे, म्हणून मूल मलाच मिळेल" या दोन्ही समजुतींवर विसंबू नका. आईची कमाई नसेल तर खर्चाचा भार बापावर टाकता येतो, त्यासाठी मूल हलवावं लागत नाही. लहान मुलाच्या बाबतीत कोर्टाचा कल आईकडे असतो हे खरं, पण तो मुलाच्या गरजेमुळे असतो. मुलाचं हित सर्वांत वर, आईबापाचे हक्क त्याच्यानंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने गौरव नागपाल विरुद्ध सुमेधा नागपाल (२००८) सारख्या निकालांत स्पष्ट सांगितलं आहे.

३. मुलाचा दिवस लिहून काढा

या टप्प्याला एक पूर्ण आठवडा द्या. माझ्या मते ताब्याचा सगळा अर्ज यावर उभा राहतो, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

एक साधी वही घ्या. सोमवार ते रविवार, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत मुलाचं काय काय होतं आणि ते कोण करतं, ते लिहा. उठवतं कोण? डबा कोण करतं आणि डब्यात काय असतं? बालरथापर्यंत (शाळेच्या बसपर्यंत) कोण सोडतं? दुपारी घरी आल्यावर दार कोण उघडतं? अभ्यासाला कोण बसतं? ताप आला तर रात्री कोण जागतं? शाळेच्या पालकसभेला गेल्या वर्षी कोण गेलं होतं? वर्गशिक्षिकेचं नाव काय? मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे? कुठल्या मित्राकडे ते खेळायला जातं? अंधाराला घाबरतं का?

प्रामाणिकपणे लिहा. बाप खरोखर रोज शाळेत सोडत असेल तर आईनेही तसंच लिहावं. आजी दुपारी सांभाळत असेल तर आजीचं नाव लिहावं. एका आईने अर्जात "सगळं मीच करते" असं लिहिलं होतं. शाळेच्या नोंदीत तीन वर्षं वडिलांच्याच सह्या निघाल्या. त्या एका वाक्यामुळे तिच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली गेली.

मग दुसरं पान काढा. घटस्फोटानंतर हाच दिवस तुमच्याकडे कसा जाईल? तुम्ही वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर असाल, तर रात्रपाळीच्या आठवड्यात मूल कुणापाशी झोपेल? माहेरी जाणार असाल तर तिथे मुलाला अभ्यासाला जागा आहे का, की चार खोल्यांत नऊ माणसं आहेत? शाळा बदलावी लागेल का? बापाने लिहायचं असेल तर स्वयंपाक, आजारपण, वयात येणाऱ्या मुलीची काळजी या प्रत्येकाला कुणाचा हात लागणार, ते नावासकट लिहावं.

बाप तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असेल तर ही वही आणखी महत्त्वाची. वर्षातले किती महिने जहाजावर आणि किती घरी, कुठले महिने, हे करारपत्रांवरून मांडा. "मी घरी असतो तेव्हा पूर्ण वेळ मुलाचाच असतो" हे खरं असेलही, पण उरलेल्या महिन्यांत मूल कुणाकडे, याचं उत्तर पानावर हवं. तारवट्याने रोजचा ताबा मागण्यापेक्षा घरी असतानाचे सलग दिवस आणि जहाजावर असताना ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल मागावा, असं मी स्पष्ट सांगेन. तशी मागणी मान्य होणं सोपं जातं, आणि मुलालाही बाप खऱ्या अर्थाने मिळतो.

तपासा : वहीत "मी" हा शब्द जास्त आलाय की मुलाचं नाव? "मी" जास्त असेल तर पुन्हा लिहा.

४. कागद जमवा, पण चोरून नको

वहीतल्या प्रत्येक मोठ्या गोष्टीला एखादा कागद लागतो. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा बोनाफाइड दाखला, प्रगतिपुस्तकं, फीच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, क्लासची पावती. तुमचा पगाराचा दाखला किंवा धंद्याचा हिशेब, घराची घरपट्टी किंवा भाड्याचा करार. प्रत्येकाच्या तीन प्रती काढा. मूळ कागद वकिलाकडेही कायमचे ठेवू नका. दाखवा, प्रत द्या, परत आणा.

मोबाइलमधले मेसेज पुरावा म्हणून द्यायचे असतील तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन जपा, चॅट पुसू नका, फोन विकू नका. जोडीदाराच्या फोनचा पासवर्ड फोडून काढलेली माहिती मात्र तुमच्याच अंगाशी येऊ शकते.

मुलाला विचारून त्याचं रेकॉर्डिंग करू नका. "बाबा वाईट आहेत ना? सांग बघू." अशी रेकॉर्डिंग कोर्टात ऐकवली जातात तेव्हा त्यात मुलापेक्षा विचारणाऱ्याचा आवाज जास्त ऐकू येतो. आणि मुलाला ते आयुष्यभर लक्षात राहतं.

५. दावा दाखल होईपर्यंत काय करू नये

जोडीदाराला न कळवता मुलाला दुसरीकडे नेऊन ठेवू नका. सुट्टीला म्हणून नेलं आणि परत पाठवलंच नाही, शाळेतून परस्पर उचललं, टीसी काढून दुसऱ्या राज्यात नाव घातलं. अशा गोष्टी पहिल्या सुनावणीतच बाहेर येतात आणि नेणाऱ्याच्या विरुद्ध जातात.

याची दुसरी बाजूही आहे. भांडण झालं, रागाने बाई एकटी माहेरी गेली, मूल सासरी राहिलं. चार दिवसांनी राग शांत होतो, पण तोवर सासरचे म्हणतात, "तिने टाकून दिलं." महिने गेले की मूल नव्या घडीला रुळतं, आणि रुळलेलं मूल हलवायला कोर्ट सहसा तयार होत नाही. घर सोडावंच लागत असेल तर मुलाला बरोबर घ्या. ते शक्य नसेल तर निघाल्याच दिवशी लेखी कळवा की मूल मागे राहिलंय आणि मला ते माझ्यापाशी हवंय. मग आठवड्याच्या आत वकिलाकडे जा.

फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर काही लिहू नका. गोव्यात गाव लहान असतं. वाड्यावर झालेली चर्चा संध्याकाळपर्यंत मुलाच्या वर्गात पोचते.

६. कुठल्या दारात जायचं

दोघांचं एकमत असेल तर परस्परसंमतीचा अर्ज करता येतो. गोव्याच्या कायद्यात त्यासाठी लग्नाला दोन वर्षांहून अधिक काळ झालेला असावा लागतो आणि दोघांनीही पंचविशी पूर्ण केलेली असावी लागते. अर्जासोबतच मालमत्तेची यादी आणि मुलांबद्दलचा करार जोडावा लागतो. म्हणजे मुलाचं काय, हे नंतर बघू असं इथे चालत नाही. कोर्ट आधी तात्पुरता हुकूम देतं आणि तो साधारण वर्षभराने कायम होतो. हे वर्ष वाया गेलं असं समजू नका. करारात लिहिलेली व्यवस्था खरंच चालते का, हे पाहायला एवढी चांगली संधी पुन्हा मिळत नाही. भेटींची तारीख, वेळ, काय अडलं, हे त्याच वहीत टिपत राहा.

एकमत नसेल तर घटस्फोटाचा दावा सीनियर सिव्हिल जजच्या कोर्टात जातो. त्याच दाव्यात ताबा, भेट आणि खर्च मागता येतो. घटस्फोट नको आहे, फक्त मुलाचा प्रश्न सोडवायचा आहे, अशीही माणसं येतात. त्यांच्यासाठी १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज असतो. दक्षिण गोव्यासाठी ते मडगावला आहे, उत्तर गोव्याचं मेर्सेच्या संकुलात. हा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या जिल्ह्यात करायचा असतो. तुम्ही कुठे राहता, हा मुद्दा नाही.

मूल दडवून ठेवलंय, कुठे आहे ते कळत नाही, अशी वेळ आली तर पर्वरीला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका करता येते. ती जवळची वाट म्हणून वापरू नका. जिथे साध्या अर्जाने काम होतं तिथे उच्च न्यायालय तुम्हाला खालीच पाठवतं.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुरुषांना सहसा उत्पन्नाची अट लागते. हेल्पलाइन १५१०० आहे. मोफतचा वकील म्हणजे कच्चा वकील, ही समजूत सोडा. तुम्ही वही आणि कागद व्यवस्थित नेलेत तर तोच वकील तुमचं काम उत्तम करू शकतो.

७. अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी

मुख्य दावा वर्षानुवर्षं चालू शकतो. चार वर्षांचं पोर निकालाच्या दिवशी नऊ वर्षांचं झालेलं असतं. म्हणून दाव्यासोबतच अंतरिम अर्ज द्या : निकाल लागेपर्यंत मूल कुणाकडे, भेट कधी, महिन्याचा खर्च किती. पुष्कळदा अंतरिम हुकुमाने बसलेली घडीच पुढे कायम राहते. "नंतर लढू" म्हणून इथे ढिले पडलात तर नंतर लढायला फार कमी उरतं.

ज्या पालकाकडे मूल नाही त्याने अंतरिम भेट लगेच मागावी. सहा महिने मुलाला न भेटता राहिलेल्या बापाला जेव्हा विचारलं जातं, "एवढे दिवस अर्ज का केला नाही?", तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नसतं.

खर्चाची मागणी करताना दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून हे सगळीकडे बंधनकारक झालं. यात लपवाछपवी करू नका. टॅक्सी, भाड्याने दिलेली खोली, कुळागराचं (बागायतीचं) उत्पन्न, परदेशातून येणारे पैसे. समोरच्याला तुमचं घर माहीत असतं, तो बरोबर बोट ठेवतो.

तपासा : अंतरिम अर्जात रक्कम लिहिताना मुलाचा महिन्याचा खर्च ओळीने मांडला आहे का? फी, बालरथ किंवा रिक्षा, दूध, औषधं, कपडे, क्लास. "वीस हजार मिळावेत" असा गोल आकडा कुणाला पटत नाही.

परदेशाचा प्रश्न असेल तर तोही इथेच मांडा. जोडीदाराकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तो इंग्लंडला किंवा आखातात असतो, मुलाला नेईल अशी भीती आहे. मग कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला बाहेर नेऊ नये आणि पासपोर्ट कोर्टात जमा करावा, अशी मागणी करा. मुलांना परदेशी नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. एकदा मूल विमानात बसलं की परत आणणं फार जड जातं.

८. मध्यस्थीला जाताना आराखडा लिहून न्या

कोर्ट तुम्हाला मध्यस्थाकडे पाठवील. तिथे बोललेलं गुप्त राहतं, दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरलं जात नाही. म्हणून मोकळेपणाने बोला. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. मुलाच्या वर्षाचा आराखडा लिहून न्या, कारण भांडणं मोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत. ती रविवारी संध्याकाळी सहा की सात, यावरून होतात.

आराखड्यात आठवड्याची भेट लिहा : वार, वेळ, घ्यायला कोण येणार, सोडायला कोण. पेडण्याच्या मुलाला दर शनिवारी काणकोणला नेणं म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेणं. मधलं ठिकाण ठरवा. देवाणघेवाण पोलीस स्टेशनच्या दारात करू नका, मुलाला ते कायमचं लागतं. दोघांनाही चालेल अशी मावशी किंवा आत्या असेल तर तिचं घर सर्वांत बरं. नाहीतर शुक्रवारी एकाने शाळेतून न्यायचं आणि सोमवारी शाळेतच सोडायचं, म्हणजे आईबाप समोरासमोर येत नाहीत.

मग चवथ. दिवाळीचं वाटप लोक लिहितात आणि चतुर्थी विसरतात, आणि गोव्यात खरा तंटा होतो तो चतुर्थीलाच. दोन्ही घरी गणपती, दोन्ही घरच्या आज्यांना नातू माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधताना हवा. एका घरी दीड दिवसाचा आणि दुसऱ्या घरी पाच दिवसांचा असेल तर वाटणी सोपी : पहिले दीड दिवस इकडे, पुढचे तिकडे. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील तर एक वर्ष आड. सम वर्षी कुणाकडे आणि विषम वर्षी कुणाकडे, ते नावाने लिहा. शिगमो, गावची जत्रा, वाढदिवस, मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, सगळं असंच.

फोनची वेळ लिहा. रात्री साडेआठ ते पावणेनऊ, अभ्यासाच्या मध्ये नको. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे आणि लांब राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलने संपर्क ठेवू द्यावा.

आजारपणात कळवायचं कसं, शाळेचा मेसेज दोघांनाही जाईल का, मुलाच्या नावाच्या खात्यात किती तारखेपर्यंत पैसे भरायचे, हेही लिहा. पैसे बँकेतूनच द्या. हातात दिलेल्या नोटांची आठवण दोघांची वेगळी असते.

थांबा : आराखड्यात "सोयीनुसार" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. भांडण नसलेल्या घरात तो चालतो, तुमच्या घरात चालणार नाही.

९. न्यायाधीश मुलाशी बोलतात तेव्हा

मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून एकट्याने बोलतात. मुलाची इच्छा विचारात घेतली जाते, पण निर्णय तिच्यावरच होतो असं नाही. गेमचा मोबाइल दिला म्हणून "बाबांकडे" म्हणणारं मूल अनुभवी न्यायाधीशांना दोन मिनिटांत कळतं. पढवलेलं मूल तर पहिल्या वाक्यातच कळतं. मोठ्यांचे शब्द त्याच्या तोंडी शोभत नाहीत.

आदल्या रात्री मुलाला एवढंच सांगा : उद्या एका काकांशी किंवा मावशींशी बोलायचं आहे, ते तुला आवडीनिवडी विचारतील, खरं ते सांग, काहीही सांगितलंस तरी आम्ही दोघं तुझ्यावर रागावणार नाही. त्या दिवशी पोटभर खाऊ घालून न्या, रंगवायची वही बरोबर द्या. कोर्टात तासन् तास थांबावं लागतं. बाहेर पडल्यावर "काय विचारलं?" असं विचारू नका. हे फार कठीण आहे, पण विचारू नका.

मुलावर अत्याचार झाल्याचा खरा संशय असेल तर ताब्याच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच पोलिसांत जा. पण ताबा मिळावा म्हणून पॉक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालची) खोटी तक्रार करण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर त्या माणसापासून दूर राहा. खोट्या तक्रारीला त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये शिक्षा आहे, आणि तपासात मुलाला जे प्रश्न विचारले जातात त्यांनी त्याचं बालपण मोडतं.

१०. हुकूम हातात आल्यावर

प्रमाणित प्रती मागा, निदान तीन. एक शाळेत द्या, म्हणजे कुणाला मूल सोपवायचं हे मुख्याध्यापकांना कळेल. एक स्वतःजवळ, एक वकिलाकडे. घटस्फोट कायम झाल्यावर सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाच्या नोंदीत शेरा मारून घ्या. हे काम पुष्कळ जण विसरतात आणि पुढच्या प्रत्येक दाखल्याला अडतात.

पैसे थकले म्हणून भेट बंद करू नका, भेट मिळत नाही म्हणून पैसे बंद करू नका. कोर्टासाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलासाठीही. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करा. भेट नाकारली तर त्या दिवसाची तारीख, वेळ, मेसेज वहीत लिहा आणि अंमलबजावणीसाठी कोर्टात जा. एका चुकलेल्या रविवारी धावू नका. तीन-चार वेळा घडलं की नोंदींसकट जा.

ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मिळू शकतो. रोझी जेकब प्रकरणापासून (१९७३) हे मान्य आहे. पालकाची बदली झाली, मूल मोठं झालं, आजारपण आलं, तर नवा अर्ज करता येतो. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात राहायला जायचं असेल तर मात्र निघण्याआधी परवानगी घ्या. आधी जाऊन मग कळवणं म्हणजे मिळालेला ताबा स्वतःच्या हाताने धोक्यात घालणं.

मुलाचा पासपोर्ट काढायचा झाला तर दोन्ही पालकांच्या संमतीचं अ‍ॅनेक्शर डी हे ठरलेल्या नमुन्यातलं निवेदन लागतं. एक पालक सही देत नसेल तर अ‍ॅनेक्शर सी भरावं लागतं, आणि तिथे ताब्याचा हुकूम उपयोगी पडतो. त्यासाठी चौथी प्रत आत्ताच मागून ठेवा.